आत एकट्यानं जायचं नाही

कोट चढवा. जाड लोकरीचा असेल तोच. आपण पिट्सबर्गला चाललोय, १९५२ चा बेसबॉल मोसम संपल्यानंतरच्या हिवाळ्यात. इथल्या हवेत थंडीच्या जोडीला पोलादाच्या भट्ट्यांचा धूर आहे. पहिल्याच श्वासाला घसा खवखवतो. नाक पुसलंत की रुमालावर काजळीचा ठिपका उमटतो. ट्राम घंटा वाजवत अंगावर येते, तिला वाट द्या आणि रस्ता ओलांडा.

आज तुम्ही राल्फ कायनर आहात. खांदे रुंद झालेत. तळहातावर बॅटचे घट्टे पडलेत, बोट फिरवून बघा. सलग सात मोसम तुमच्या लीगमध्ये सर्वांत जास्त होमरन तुमच्या नावावर लागलेत. होमरन म्हणजे आपल्या भाषेत थेट प्रेक्षकांत पडणारा षटकार. यंदा तुम्ही असे ३७ मारलेत. पायरेट्स संघ मात्र ११२ सामने हरून तळाला गेलाय. लोक तिकीट काढतात ते तुमच्यासाठी. तुमची शेवटची बॅटिंग आटोपली की उठून घरी जातात. लाकडी खुर्च्या धडाधड मिटल्याचा आवाज तुम्ही मैदानात उभे राहून ऐकलाय.

आता दार ढकला. आत चिरूटाचा धूर साचलाय, डोळे चुरचुरतात. टेबलामागे ब्रँच रिकी बसलेत. दाट भुवया, गळ्यात बो टाय, बोलणं एखाद्या धर्मोपदेशकासारखं. जॅकी रॉबिन्सनला मैदानात आणून बेसबॉलमधली गोऱ्या-काळ्यांची भिंत पाडली ती यांनीच. माणूस मोठा, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पैशाच्या टेबलाशी बसला की हाच मोठा माणूस खेळाडूच्या तोंडचा घास मोजून काढतो.

तुमच्यासाठी एकच खुर्ची मांडलीय. शेजारी वकील नाही, हिशेब समजणारा भाऊ नाही, कोणी नाही. तुम्ही ३७ होमरन सांगता. रिकी ऐकून घेतात आणि शांतपणे विचारतात, संघ कितवा आला? शेवटचा. मग, ते म्हणतात, तुमच्याशिवायही शेवटचा येऊच शकतो. हा संवाद पुढे इतक्यांनी इतक्या तऱ्हेनं सांगितला की त्याची दंतकथा झाली. पगाराचे आकडे मात्र दंतकथेत जमा होणारे नाहीत: ९० हजार डॉलरवरून ७५ हजार.

उठून जावंसं वाटतं ना? जाणार कुठे? तुमच्या करारात एक कलम आहे. मोसम संपला तरी क्लबचा तुमच्यावरचा हक्क संपत नाही. तो दरवर्षी वाढवता येतो, पुन्हा आणि पुन्हा. दुसऱ्या क्लबनं तुमच्याशी बोलायचंही नाही. सही करा, नाहीतर घरी बसा. पेन समोरच ठेवलंय.

सही करा आणि बाहेर या. थोडी वर्षं ओलांडून आता आपण लॉस एंजेलिसला उतरतोय. कोट काढून हातावर घ्या, इथे ऊन आहे. डोंगरउतारावर डॉजर स्टेडियम नवं कोरं उभं आहे. वाहनतळावरचं डांबर तापून चपलेला चिकटतंय आणि खाली शहरावर गाड्यांच्या धुराची पिवळट साय धरलीय.

आता तुम्ही डॉजर्स क्लबचे एक तरुण खेळाडू आहात. क्लबच्या जनरल मॅनेजरचं नाव बझी बावासी. ते हसून हात मिळवतात, घरच्यांची चौकशी करतात. तुम्ही सैलावता. इतक्यात त्यांना बाहेरून बोलावणं येतं. "आलोच हं," म्हणून ते जातात, दार ओढून घेतात.

खोलीत तुम्ही एकटेच. टेबलावर एक कागद पडलाय, तुमच्याकडे उलटा. बघू नये हे कळतं. पण मान आपोआप तिरकी होते. तो तुमच्याच संघातल्या एका खेळाडूचा करार आहे. तुमच्याहून सरस खेळाडूचा. आणि त्याच्यापुढचा आकडा तुम्ही मागायला आलात त्याच्यापेक्षा कमी! कानशिलं गरम होतात. आपणच हावरट आहोत असं वाटायला लागतं. बावासी परत येतात तेव्हा मागणीचे शब्द घशातच राहिलेले असतात. मिळेल त्यावर तुम्ही सही करता.

तो कागद खोटा होता. बनवून मुद्दाम तिथे ठेवलेला. बाहेरचं बोलावणंही ठरवलेलं. बावासींनी हा डाव नंतर स्वतःच एका क्रीडा नियतकालिकात सांगितला, आणि मोठ्या खुशीनं सांगितला. मला मात्र तो वाचताना त्या खुर्चीत बसलेल्या पोराची तिरकी झालेली मान दिसत राहते. चेंडूचा वेग ओळखायला तो शिकला होता. कागद खरा की खोटा हे ओळखायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ओळखणाऱ्याला आत आणायची सोय नव्हती.

इथे जरा थांबू, कारण १९६६ च्या सुरुवातीला याच शहरात एका रात्रीच्या जेवणात गोष्ट फिरली. टेबलाशी सँडी कोफॅक्स बसलाय, डॉन ड्रायस्डेल बसलाय आणि ड्रायस्डेलची बायको जिंजर. दोघेही डॉजर्सचेच पिचर, म्हणजे या खेळातले गोलंदाज. कोफॅक्सनं गेल्या मोसमात ३८२ फलंदाज बाद केलेत, तेही एकालाही चेंडूला बॅट नीट लावू न देता. बोलता बोलता कळतं की क्लबनं एकाला सांगितलंय, 'ड्रायस्डेल बघ किती थोडक्यात मानतोय', आणि दुसऱ्याला सांगितलंय, 'कोफॅक्स बघ'. काटे-चमचे थांबतात. मग जिंजर म्हणते, दोघं मिळूनच का नाही बोलत?

दोघं मिळून बोलले. बिल हेज या सिनेमावाल्यांच्या वकिलाला त्यांनी पुढे केलं. दोघांचे मिळून तीन वर्षांचे १० लाख डॉलर मागितले. संघ सरावाला फ्लोरिडाला निघून गेला, हे दोघं मागेच राहिले. एका चित्रपटात काम करायचंही त्यांनी ठरवून टाकलं. ३२ दिवस असे गेले. पण एजंटाशी बोलणं बावासींना मान्यच नव्हतं. शेवटी त्यांनी एका रेस्टॉरंटमध्ये खेळाडूशीच थेट बोलून सौदा पक्का केला: कोफॅक्सला १ लाख २५ हजार, ड्रायस्डेलला १ लाख १० हजार. आकडे त्या काळी मोठेच. वकील मात्र दाराबाहेरच राहिला. ते दार उघडायला अजून काही वर्षं जावी लागली. खेळाडूंच्या संघटनेनं १९७० च्या सामूहिक करारात एजंट सोबत नेण्याचा हक्क लिहून घेतला, तेव्हा कुठे दुसरी खुर्ची मांडली गेली.

'एजंट' म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, तर मी समजू शकतो. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की आरटीओच्या फाटकाबाहेर फाइल घेऊन उभा असलेला माणूस आठवतो, नाहीतर जमिनीच्या व्यवहारात दोन्हीकडून खाणारा दलाल. बेसबॉलमध्येही पुढे लबाड एजंट निघाले, म्हणून खेळाडूंच्या संघटनेलाच त्यांना परवाने देणं सुरू करावं लागलं. पण आता मी तुम्हाला ज्या गावात नेतोय, तिथे एजंट कसा असावा ते बघून घ्या.

नॉर्थ कॅरोलायना. गावाचं नाव अहॉस्की. डिसेंबर १९७४.

उतरलात? हा वास ओळखीचा वाटेल. नुकतंच पीक काढलेल्या भुईमुगाच्या रानाचा, दमट मातीचा. त्यात पाइनच्या सरपणाचा धूर आणि कुठल्यातरी खानावळीत मंद आचेवर भाजलं जाणारं डुकराचं मांस, त्यावर शिंपडलेल्या व्हिनेगरची आंबूस झणझण. वस्ती पाच हजारांच्या आसपास. मालगाडी धडधडत जाते तेव्हा गावातलं बोलणं थांबतं, ती गेली की पुढचं वाक्य सुरू होतं.

तुम्ही आज 'चेरी, चेरी अँड फ्लाइथ' या वकिली ऑफिसात मदतनीस आहात. एरवी इथे जमिनीची खरेदीखतं होतात, मृत्युपत्रं होतात, बांधावरून भांडणाऱ्या शेतकऱ्यांचे अर्ज लिहिले जातात. आज सकाळपासून फोनची घंटा थांबलेली नाही. रिसीव्हर ठेवता ठेवता पुन्हा वाजतो. पलीकडून कधी बॉस्टन बोलतंय, कधी टेक्सास. कान लाल झालाय. बोटाला फोनची तबकडी फिरवून दुखरा वळ पडलाय. कॉफीचं भांडं तिसऱ्यांदा चढवा, आणखी माणसं येताहेत.

येणारे बघा तरी. जवळच्या छोट्या धावपट्टीवर खासगी विमानं उतरताहेत. ज्यांच्या दारात खेळाडू टोपी हातात धरून उभे राहायचे, ते क्लबमालक आणि जनरल मॅनेजर आता खेड्यातल्या वकिलाच्या बाहेरच्या खोलीत आपली पाळी यायची वाट बघत बसलेत. भारी ओव्हरकोटांना पावसाचा ओला वास येतोय. चिरूट, आफ्टरशेव्ह आणि उकळून कडू झालेली कॉफी, सगळं एकमेकांत मिसळलंय. आणि हे कोण आत आले? जीन ऑट्री! पडद्यावर गात गात घोडा दौडवणारे काउबॉय. आता ते एंजल्स क्लबचे मालक आहेत. फुटपाथवर पोरासोरांची झुंबड उडालीय, एक म्हातारी तर स्वयंपाकाचा एप्रन न सोडताच धावत आलीय.

हे सगळे ज्याच्यासाठी आलेत तो कोपऱ्यात बसलाय. जिम हंटर, बेसबॉलमध्ये 'कॅटफिश', म्हणजे मांगूर मासा. हे टोपणनाव त्याच्या मालकानं, चार्ल्स फिनलींनी, प्रसिद्धीसाठी चिकटवलं. घरचे त्याला जिमीच म्हणतात. त्या वर्षी त्यानं ओकलंड संघासाठी २५ सामने जिंकलेत, आणि संघानं ओळीनं तिसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अजिंक्यपद, जिंकलंय. तो आपल्या गावाहून, हर्टफर्डहून, चोवान नदी ओलांडून आलाय. बुटांना रानातली माती आहे. गालात तंबाखूची गोळी आहे आणि हातात थुंकायला कागदी पेला. बोलतो कमी. समोरच्याचं बोलणं संपलं की वकिलाकडे बघतो.

त्याच्या शेजारच्या खुर्चीत कार्लटन चेरी बसलेत. वय झालेलं, आवाज खालचा, शब्द दक्षिणेकडच्या सावकाश चालीचे. तुम्ही कॉफी ठेवायला वाकाल तेव्हा त्यांच्यासमोरचे कागद बघा. इथे कोणाचाही खोटा करार पडलेला नाही. आहे तो हंटरचा स्वतःचा, ओकलंडबरोबरचा जुना करार, आणि त्यातल्या एका कलमावर त्यांचं बोट टेकलंय.

त्या बोटाखाली काय आहे ते सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच झाला. हंटरचा पगार होता वर्षाला १ लाख डॉलर. त्यातले ५० हजार हातात न देता एका विमा कंपनीकडे भरायचे, म्हणजे खेळणं संपल्यावर ते हप्त्याहप्त्यानं मिळतील, असं लिहिलेलं होतं. फिनलींनी सही केली आणि मग पैसे भरलेच नाहीत. अशा भरण्यावर त्यांना करात लगेच सूट मिळत नव्हती. मोसम सरत आला. चेरींनी रीतसर नोटीस धाडली. तेव्हा फिनली ५० हजारांचा चेक घेऊन लीगच्या अध्यक्षांसमोर हजर झाले: हे घे, मिटलं. हंटरनं हात पुढे केला नाही. करारात माझ्या हातात द्यायचे असं लिहिलेलं नाही, विमा कंपनीला द्यायचे असं लिहिलंय.

त्या क्षणी स्वतःला हंटरच्या जागी ठेवा. समोर पाच शून्यांच्या निम्म्या रकमेचा चेक फडफडतोय. एकटा असता तर मी घेतला असता, खरं सांगतो. हंटरनं घेतला नाही, कारण कागद वाचणारा माणूस त्याच्या पाठीशी होता. प्रकरण लवादापुढे गेलं. पीटर साइट्झ यांनी निकाल दिला: करार मालकानं मोडलाय, खेळाडू मोकळा. त्या वेळचा सर्वोत्तम पिचर, आणि कोणत्याही क्लबशी बोलायला मोकळा! म्हणून तर ही विमानं उतरताहेत.

आणि फिनलींचा चेक नाकारायला हंटरला आणखीही एक जुनं कारण होतं. काही वर्षांपूर्वी त्यानं गावाकडे जमीन घेतली होती, त्यासाठी फिनलींनीच दीड लाख डॉलर उसने दिले. मग ते परत मागायला सुरुवात केली. तगादा कसला, ज्या दिवशी त्याला सामन्यात चेंडू टाकायचा असायचा नेमक्या त्याच दिवशी फोन. शेवटी त्यानं बरीचशी जमीन विकून कर्ज फेडलं. सावकाराच्या तगाद्यापायी घेतलेलं रान विकावं लागणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

चला, तुम्हाला आत बोलावतायत. कागदांचं नवं पॅड हवंय.

एकेक क्लब आत येतो, बोलतो. चेरी मध्ये तोडत नाहीत. कोणाच्या आकड्यानं भुवई वर जात नाही, कोणाच्या स्तुतीनं हसू येत नाही. फक्त विचारतात: ही रक्कम कधी मिळणार? क्लब विकला गेला तर कोण देणार? हात दुखावला तर? घरात मुलं आहेत, त्यांच्या विम्याचं काय? प्रश्न साधेच, कुठल्याही खरेदीखताच्या वेळी शेतकऱ्याच्या वतीनं विचारावेत असे. पण समोरचे भारी कोटवाले कागद चाळायला लागतात, एकमेकांच्या कानाशी लागतात. हे प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते. खोलीत उकडायला लागतं. एकजण टाय सैल करतो. तुम्ही खिडकी बोटभर उघडता, बाहेरून मालगाडीचा भोंगा आत येतो.

पिट्सबर्गची ती खोली आठवतेय? टेबल तेच आहे. फक्त किंमत किती, हे आता एकटा मालक ठरवत नाही. वीसहून जास्त क्लब ठरवताहेत, आणि एक म्हातारा वकील ते सगळं एका खाली एक मांडून घेतोय.

या गर्दीत एक माणूस घाईत नाही. क्लाइड क्लट्झ. पूर्वी स्वतः कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा खेळाडू होता, आता न्यूयॉर्क यँकीजचा माणूस. हंटर शाळकरी पोर होता तेव्हा शिकारीत भावाच्या बंदुकीतून छर्रे सुटले आणि पायाचं एक बोट गेलं. बरेच पारखी मागे हटले. हा त्या वेळी फिनलींच्या क्लबसाठी खेळाडू हेरत होता, आणि हा मागे हटला नाही. आताही तो गावातच मुक्काम ठोकून आहे, हंटरशी गप्पा मारतोय. तो हंटरशी कधी खोटं बोललेला नाही, आणि हे हंटर सगळ्यांना सांगतो.

बोलीत न्यूयॉर्कपेक्षा मोठे आकडे होते. हंटरनं क्लट्झवर विश्वास टाकला, घरापासूनचं अंतरही पाहिलं आणि यँकीज निवडले. इथे मला चेरींचं मोठेपण दिसतं. आकडे त्यांनी मांडले, धोके दाखवले, निवड मात्र ज्याची त्याला करू दिली. एजंटानं कुठे थांबायचं, हे त्या खेड्यातल्या वकिलाला कोणी न शिकवता कळलं होतं.

३१ डिसेंबरची रात्र. आता तुम्हीही विमानात बसा, न्यूयॉर्कला पोचायचंय. खाली अंधारात शहर लखलखतंय, रस्त्यांवर नवं वर्ष साजरं करायला लोक निघालेत. क्वीन्समधल्या क्लबच्या ऑफिसात कॅमेऱ्यांचे दिवे इतके प्रखर की घाम फुटतो. फ्लॅशचे बल्ब फटाफट उडतात, जळक्या वासानं नाक भरतं. पाच वर्षांचा करार. सहीच्या वेळचे पैसे, पगार, पुढे हप्त्यानं यायची रक्कम, विमे, सगळं धरून ३५ लाख डॉलरच्या आसपास. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत हा माणूस वर्षाला एक लाखावर होता, आणि तोही अर्धाच मिळाला होता. हंटर पेन उचलतो. सही करण्याआधी तो क्षणभर बाजूला बघतो. तिथे खुर्ची आहे, आणि ती रिकामी नाही.

जवळजवळ एका वर्षानं त्याच साइट्झ यांनी दुसऱ्या दोन पिचरांच्या प्रकरणात निकाल दिला आणि कायनरच्या करारात होतं तसलं, क्लबचा हक्क दरवर्षी वाढवत नेणारं कलम मोडून पडलं. त्यानंतर एजंटाशिवाय टेबलाशी बसणारे थोडेच उरले.

तुम्ही थकलात, कळतंय. कपड्यांना चिरुटाचा वास लागलाय, तो एका धुण्यात जायचा नाही. परतण्याआधी हर्टफर्डवरून एक फेरी मारू. करारानंतरच्या पहिल्याच मोसमात हंटरनं ३० सामने स्वतः सुरू करून स्वतःच संपवले. त्यानंतर एका मोसमात तितके कोणालाच जमलेले नाहीत. पुढे खांदा दुखायला लागला. १९७९ साली करार पुरा झाला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. त्यानं खेळ सोडला आणि शेतावर परत आला. भुईमूग, मका, सोयाबीन. या वेळी त्या जमिनीवर कुठल्याही क्लबमालकाचं कर्ज नव्हतं.